जुना उतारा कोण फाडतं?

भोकर, हिमायतनगर, किनवट या पट्ट्यात मृगाचे ढग दिसू लागले की कृषी सेवा केंद्रांसमोर कापसाच्या थैल्यांसाठी गर्दी होते. थैली दरवर्षी नवीच घ्यावी लागते, कारण संकरित बियाणं घरी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत. हे बी कसं तयार होतं, ते बीजोत्पादनाचा प्लॉट पाहिलेल्यांना ठाऊक असतं. दुपारनंतर बायका मादीच्या ओळींत शिरतात, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरतात आणि पुंकेसरांचं आवरण पाकळ्यांसकट नखाने सोलून काढतात. सकाळी नराच्या ओळीतल्या फुलाचा पराग त्या सोललेल्या फुलाला लावतात. याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. कापसाचं फूल मोठं असतं आणि एका बोंडात पुष्कळ सरक्या मिळतात, म्हणून हे हातकाम परवडतं. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड-४४’ हा संकरही याच हातांनी शेताशेतांत पोचवला.

आता मोहरीचं फूल डोळ्यांसमोर आणा. नखाएवढं फूल, एका शेंगेत मोजके दाणे, आणि एका झाडाला फुलंच फुलं. तिथे नखाने सोलायला कोण बसणार? यावर एक उपाय म्हणजे पराग मुळातच न धरणारं नैसर्गिक वाण शोधणं, आणि तशा मोहऱ्या आहेतही. दुसरा उपाय मातीतल्या एका जिवाणूकडून उसना घेतलेला आहे. त्या जिवाणूचं एक छोटंसं प्रथिन मोहरीच्या परागकोशात तयार होऊ दिलं की पराग धरतच नाही. हे प्रथिन आरएनए नावाचा रेणू कापतं आणि बाकी काहीच करत नाही. पण आरएनए तर त्या जिवाणूच्या पोटातही भरलेला असतो. मग हे हत्यार बनवणारा जिवाणू स्वतः कसा जगतो? आणि एकेका जिवाणूत आरएनए कापणारी डझन-दोन डझन प्रथिनं असताना, अमुक काम अमुक प्रथिनाचंच, हे ठरतं कसं?

या लेखाचं म्हणणं दुसऱ्या प्रश्नाभोवती आहे. आरएनए कापणारं काहीतरी सापडणं ही अवघड गोष्ट नाही, ते जवळपास सगळीकडे सापडतं. जिवंत पेशीत ते काय कापतं, केव्हा कापतं आणि ते नसलं तर काय अडतं, हे दाखवता आलं तरच शोध लागला असं म्हणावं. गेल्या साठ वर्षांत या विषयातल्या ठळक चुका हा फरक न पाळल्याने झाल्या, आणि ठळक यशं तो पाळल्याने मिळाली.

दप्तर आणि उतारा

पेशीतला डीएनए म्हणजे तलाठ्याचं दप्तर समजा. मूळ नोंद तिथेच राहते, कुणी ती घेऊन फिरत नाही. पीककर्ज काढायचं असेल तर सातबाराचा उतारा काढतात आणि तो बँकेत जातो. पेशीतही एखादं प्रथिन बनवायचं झालं की डीएनएच्या तेवढ्या भागाची नक्कल आरएनएच्या रूपात उतरते. ती रायबोसोम नावाच्या यंत्रणेकडे जाते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होतं. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. बँक जुना उतारा घेत नाही, कारण दरम्यान फेरफार झालेला असू शकतो. पेशीकडे मात्र तारीख पाहणारा कारकून नाही. रायबोसोमच्या हाती जी नक्कल येईल तिच्यावरून तो प्रथिन बनवतच राहतो. म्हणून जुनी नक्कल वेळेवर फाडून टाकणं हाच एक मार्ग उरतो.

संदेशवाहक आरएनए असा अल्पायुषी असतो हे १९६१ मध्ये ब्रेनर, जेकब आणि मेसेल्सन यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू सोयीच्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, आणि त्याच्या बहुतेक संदेशांचं आयुष्य काही मिनिटांचंच असतं. दुधातली साखर समोर असेपर्यंत ती पचवणाऱ्या प्रथिनाच्या नकला निघतात. साखर संपली की नव्या नकला थांबतात आणि जुन्या काही मिनिटांत नाहीशा होतात. नाहीशा झाल्या नसत्या तर जिवाणू नसलेल्या साखरेसाठी प्रथिनं बनवत राहिला असता आणि त्यात त्याची शक्ती खर्ची पडली असती. तेव्हा ही मोडतोड कारभाराचा भाग आहे, नासाडी नव्हे.

पेशीतला सगळाच आरएनए मात्र अल्पायुषी नसतो. रायबोसोमच्या अंगातला आरएनए टिकाऊ असतो. प्रथिनासाठी एकेक घटक उचलून आणणारे छोटे वाहक आरएनएही टिकाऊ असतात. पण हे टिकाऊ रेणू जन्मतः नेटके नसतात. आधी लांबलचक पट्टी निघते, मग ती ठरावीक जागी कापून त्यातून हे रेणू सुटे होतात. म्हणजे पेशीत कापणं दोन प्रकारचं असतं, एक संपवण्यासाठी आणि एक घडवण्यासाठी. कोणतं प्रथिन कोणतं काम करतं हा गोंधळ इथूनच सुरू होतो.

कापलं जातं म्हणजे नेमकं काय होतं? आरएनएची साखळी साखर, फॉस्फेट, साखर, फॉस्फेट अशी जोडलेली असते. प्रत्येक साखरेवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असते, आणि डीएनएच्या साखरेवर त्या जागी ती नसते. आरएनए इतका नाजूक असतो तो या एका जोडीमुळे. एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणणारं प्रथिन, या जोडीतला हायड्रोजन ओढून घेतं. मोकळा झालेला ऑक्सिजन शेजारच्या फॉस्फेटला भिडतो आणि साखळी तिथे तुटते. कापण्याची ही एकच रीत नाही. काही एन्झाइमं धातूच्या आयनाच्या मदतीने पाण्याचा रेणू मधे घुसवून साखळी तोडतात. काही साखळीच्या मधोमध घाव घालतात, तर काही टोकापासून एकेक दुवा काढत जातात. ई. कोलायमध्ये अशी सगळी मिळून वीसहून अधिक एन्झाइमं आज माहीत आहेत.

कापणारं हाती लागतं कसं

शोधाची पहिली पायरी अगदी साधी आहे. आगर नावाच्या जेलीत यीस्टचा आरएनए मिसळून बशी तयार करायची आणि तिच्यावर मातीतले जिवाणू वाढू द्यायचे. मग वरून सौम्य आम्ल ओतायचं. आम्लात लांब आरएनए साकळतो आणि बशी दुधाळ दिसते. कापलेले बारीक तुकडे मात्र विरघळलेलेच राहतात. त्यामुळे ज्या वसाहतीतून आरएनए कापणारं एन्झाइम बाहेर झिरपतं, तिच्याभोवती स्वच्छ वलय उमटतं. परीक्षानळीतही हेच तत्त्व वापरतात. आम्लात न साकळलेला भाग किती अतिनील प्रकाश शोषतो हे मोजलं की कापण्याचा वेग कळतो.

त्यानंतर शुद्धीकरण येतं. क्षारांनी प्रथिनं साकळवायची, ती वेगवेगळ्या गुणांच्या स्तंभांमधून गाळायची, आणि प्रत्येक टप्प्यावर कापण्याचा गुण कोणत्या भागात गेला ते पाहायचं. शेवटी एकच प्रथिन उरलं की त्याची ओळख करून घ्यायची. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दीर्घकाळ झालं. वेपाटू शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिळ्या पावावर धरणाऱ्या ‘ऱ्हायझोपस स्टोलोनिफर’ या बुरशीतून ‘आरएनेज आरएस’ हे एन्झाइम शुद्ध केलं. ते आरएनएची चारही अक्षरं, म्हणजे साखळीतले चारही प्रकारचे दुवे कापतं, कुठल्या एकावर त्याचा विशेष रोख नसतो. त्याच्या कापण्याला कोणते अमिनो घटक जबाबदार आहेत हेही या गटाने रासायनिक बदल करून तपासलं. अशा एन्झाइमांवरचे त्यांचे विस्तृत आढावे २००१ ते २००३ या काळात आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत आले. ती बुरशी होती, जिवाणू नव्हता, हे खरं. पण प्रयोगशाळेतली रीत दोन्हीकडे सारखीच असते.

--- चौकट ---
नव्या एन्झाइमला विचारायचं काय? कोणत्या आम्लतेला आणि किती तापमानाला ते सर्वांत जोमाने चालतं? धातूचा आयन काढून घेतला तर थांबतं का? एकपदरी आरएनए कापतं की दुपदरी? मधे घाव घालतं की टोकापासून खातं? विशिष्ट अक्षरानंतरच कापतं का? कापलेल्या तुकड्याच्या टोकाला फॉस्फेट कोणत्या बाजूला उरतं? यांची उत्तरं मिळाली की एन्झाइमचा स्वभाव कळतो. पेशीतली त्याची नोकरी कोणती, ते मात्र यातल्या एकाही उत्तरातून कळत नाही.
--- चौकट समाप्त ---

इथे एक रास्त शंका निघते. आरएनए कापणारी एन्झाइमं माणसाच्या कातडीवर, घामात, धुळीत सगळीकडे असतात. त्यातली काही उकळत्या पाण्यातूनही सहीसलामत बाहेर पडतात. मग नळीत जे कापलं गेलं ते जिवाणूच्या एन्झाइमनेच कापलं, हाताळणाऱ्याच्या बोटावरच्या नव्हे, हे कशावरून? हातमोजे आणि निर्जंतुक काचसामान यांनी धोका कमी होतो, संपत नाही. खात्री पटवणारा पुरावा जनुकातून येतो. त्या एन्झाइमचं जनुक काढून टाकलेल्या वाणातून तीच सगळी कृती केली आणि कापणं थांबलं, तर संशय फिटतो. हीच कसोटी पुढे या साऱ्या विषयाला दिशा देणारी ठरली.

पहिलं सापडलेलं एन्झाइम कामाचं नव्हतं

ई. कोलायमध्ये पहिल्यांदा ठळकपणे सापडलेल्या एन्झाइमला आज ‘आरएनेज एक’ म्हणतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड एल्सन यांना ते रायबोसोमांना चिकटलेलं दिसलं. रायबोसोम म्हणजे नकला वाचल्या जातात ती जागा, आणि तिथेच कापणारं एन्झाइम बसलेलं. संदेशांचा नाश हेच करत असणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण १९६४ मध्ये न्यू आणि हेपेल यांनी जिवाणूची बाहेरची भिंत अलगद सैल केली, तेव्हा हे एन्झाइम पेशी न फुटताच बाहेर आलं. ते पेशीच्या आत राहतच नव्हतं. दोन आवरणांच्या मधल्या फटीत त्याचा मुक्काम होता, आणि प्रयोगासाठी पेशी फोडली की ते आत मिसळून रायबोसोमांना चिकटत होतं. एन्झाइम रायबोसोमजवळ दिसलं ते प्रयोगाच्या कृतीमुळे, जिवाणूच्या स्वभावामुळे नव्हे.

१९६६ मध्ये रेमंड गेस्टलँड यांनी या एन्झाइमशिवायचे ई. कोलायचे वाण वेगळे काढले. ते वाण सुखाने वाढत होते आणि त्यांच्यातले संदेश पूर्वीसारखेच काही मिनिटांत नाहीसे होत होते. परीक्षानळीत सर्वांत जोरदार कापणारं एन्झाइम काढून टाकलं तरी पेशीतला कारभार जसाच्या तसा चालू राहिला. यातून दोन गोष्टी निघाल्या. नळीतला जोर हा पेशीतल्या महत्त्वाचा पुरावा नाही. आणि हा कोलाहल करणारं एन्झाइम बाजूला झाल्यामुळे आता दबक्या आवाजातली खरी एन्झाइमं ऐकू येण्याची शक्यता निर्माण झाली. अशाच वाणांच्या आधाराने पुढची कितीतरी एन्झाइमं वेगळी काढता आली. नकारार्थी निष्कर्षाला विज्ञानात कमी लेखायची सवय आहे, पण या क्षेत्रात त्याच्याइतका उपयोगी पडलेला निष्कर्ष दुसरा नसावा.

दरम्यान १९६८ मध्ये रॉबर्टसन, वेबस्टर आणि झिंडर यांनी दुपदरी आरएनए कापणारं ‘आरएनेज तीन’ वेगळं केलं. ते रायबोसोमचा आरएनए लांब पट्टीतून सोडवतं हे पाच वर्षांनी कळलं, जेव्हा ते नसलेल्या वाणात न कापलेली लांब पट्टी साचलेली दिसली. याच कुळातलं ‘डायसर’ हे एन्झाइम पुढे प्राण्यांत आणि वनस्पतींत सापडलं. सिडनी ऑल्टमन यांचं ‘आरएनेज पी’ तर आणखी अजब निघालं. त्यातला कापणारा भाग प्रथिनाचा नव्हताच, तोही आरएनएच होता. त्यासाठी ऑल्टमन यांना टॉमस चेक यांच्यासोबत १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण संदेश कोण संपवतं, हा मूळ प्रश्न तसाच होता.

दोन वाटा एका जनुकापाशी

उत्तर दोन वेगळ्या गटांकडून आलं, आणि आपण एकाच गोष्टीकडे पाहत आहोत हे दोघांनाही माहीत नव्हतं. सेंट लुइसमध्ये डेव्हिड अपिरियन यांचा गट तापमानाला नाजूक असलेले वाण वापरत होता. असा वाण ३० अंशांना नीट वाढतो आणि ४२ अंशांच्या पुढे मरतो, कारण त्याचं एखादं प्रथिन उष्णतेत निकामी होतं. याचा फायदा असा की जे प्रथिन नसेल तर जिवाणू जगूच शकत नाही, त्याचाही अभ्यास करता येतो. आधी थंडाव्यात वाढवायचं, मग तापमान चढवायचं आणि मरता मरता पेशीत काय साचतं ते पाहायचं. अपिरियन यांच्या अशा एका वाणात रायबोसोमच्या सर्वांत लहान आरएनएची न कापलेली आवृत्ती साचली. १९७८ मध्ये घोरा आणि अपिरियन यांनी हीच साचलेली पट्टी नळीत घेतली, निरोगी पेशींच्या अर्काने ती नेमक्या जागी कापून दाखवली आणि त्या एन्झाइमला ‘आरएनेज ई’ असं नाव मिळालं. ते घडवण्यासाठी कापणारं एन्झाइम आहे, अशीच तेव्हाची समजूत होती.

जपानमध्ये ओनो आणि कुवानो यांनी १९७९ मध्ये ई. कोलायचा वेगळाच वाण वर्णिला. त्याचं तापमान चढवलं की संदेशांचं आयुष्य वाढत होतं. इथे संपवण्याचं काम बिघडलं होतं. दोन्ही वाण एकाच जनुकात बिघडलेले आहेत हे पक्कं व्हायला १९९१ साल उजाडलं, जेव्हा बॅबिट्झ्की आणि कुश्नर यांनी ते दाखवलं. घडवणारं आणि संपवणारं एन्झाइम एकच निघालं. १९९४ पासून पुढच्या कामात असंही कळलं की आरएनेज ई एकटं काम करत नाही. टोकापासून खाणारं एक एन्झाइम, आरएनएच्या घड्या उलगडणारं एक प्रथिन आणि साखर पचवण्याच्या साखळीतलं एनोलेज यांना ते आपल्या लांब शेपटीवर बांधून घेतं. या जुळणीला ‘डीग्रेडोसोम’ म्हणतात. साखर पचवणारं प्रथिन आरएनए फाडणाऱ्या टोळीत काय करतं, हा प्रश्न तेव्हापासून लोकांना छळतो आहे.

यावर कुणी म्हणेल, पेशी मरत असताना जे साचतं ते मरणाचं कारण कशावरून? मरणाचा परिणामही असू शकेल. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच एका कसोटीवर थांबून चालत नाही. पेशीत एन्झाइम बंद केल्यावर विशिष्ट पट्टी साचली पाहिजे, आणि बाहेर नळीत तीच पट्टी तेच एन्झाइम त्याच जागी कापताना दिसलं पाहिजे. नुसत्या पहिल्या पुराव्यात आडून होणारे परिणाम घुसतात. नुसत्या दुसऱ्या पुराव्याने काय फसगत होते ते आरएनेज एकने दाखवून दिलं आहे. दोन्ही एकत्र आले की आक्षेपाला जागा उरत नाही, किंवा फारच थोडी उरते.

एका जिवाणूचं उत्तर दुसऱ्याला लागू होतंच असं नाही

ई. कोलायमधला पेच सुटला म्हणजे जिवाणूंमधला सुटला, असं मानायचा मोह मोठा होता. मातीत राहणाऱ्या बॅसिलस सबटिलिसने तो मोडला. त्याच्या जनुकसंचात आरएनेज ई नाहीच. त्याचं काम करणारी ‘आरएनेज जे’ ही एन्झाइमं २००५ मध्ये पुढे आली आणि ‘आरएनेज वाय’ २००९ मध्ये. रचनेत त्यांचं आरएनेज ईशी नातं नाही. शिवाय आरएनेज जे साखळी ज्या टोकापासून खातं, त्या बाजूने खाणारं एन्झाइम जिवाणूंत नसतंच, अशी तोवरची पाठ्यपुस्तकी समजूत होती.

आपल्या जवळचं उदाहरण हैदराबादचं आहे. तिथल्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे सीसीएमबीत, मलय रे यांच्या गटाने अंटार्क्टिकाच्या मातीतून मिळवलेल्या ‘स्यूडोमोनास सिरिंगी’च्या वाणाचा अभ्यास केला. २००५ मध्ये त्यांनी जर्मन सहकाऱ्यांसोबत दाखवलं की या थंडीच्या जिवाणूत आरएनेज ईच्या जोडीला ई. कोलायमधलं नेहमीचं एन्झाइम नाही, ‘आरएनेज आर’ नावाचं दुसरंच आहे. थंडीत आरएनएच्या घड्या घट्ट होतात, आणि आरएनेज आर त्या घड्या स्वतःच उलगडत पुढे सरकू शकतं. म्हणून ही निवड अर्थपूर्ण वाटते. पण अर्थपूर्ण वाटणं हा पुरावा नव्हे. २००७ मध्ये याच गटाने ते जनुक मोडलं, तेव्हा जिवाणू २२ अंशांना वाढला आणि ४ अंशांना अडला. सोबत एक अनपेक्षित गोष्टही दिसली. रायबोसोमच्या आरएनएचं टोक नेटकं करण्याचं कामही हेच एन्झाइम करत होतं. ई. कोलायमध्ये हे जनुक एकटं काढलं तर त्याचं फारसं काही बिघडत नाही. जनुक त्याच कुळातलं, जागा बदलली आणि जबाबदारी बदलली.

आता हजारो जिवाणूंची जनुकं संगणकावर आहेत, मग नळ्या आणि बशा हव्यात कशाला, असा प्रश्न आजकाल ऐकू येतो. संगणकाचा उपयोग मोठा आहे यात शंका नाही. २०१५ मध्ये जनुकसंच चाळूनच जिवाणूंच्या विषाणूविरोधी यंत्रणेतलं एक नवं प्रथिन हाती लागलं, ज्याला आज कास-१३ म्हणतात. त्याच्या घडणीवरून ते आरएनए कापत असावं असा अंदाज बांधला होता. २०१६ मध्ये प्रयोग झाला, अंदाज खरा ठरला, पण प्रयोगात त्याहून जास्त दिसलं. ओळखीचा विषाणू-आरएनए सापडला की हे प्रथिन आजूबाजूचा दिसेल तो आरएनएही कापत सुटतं. रोगनिदानाच्या काही नव्या चाचण्या या बेबंद कापण्यावरच उभ्या आहेत. संगणकाने कुठे पाहायचं ते सांगितलं. काय दिसेल ते नळीनेच सांगितलं.

हत्यार बनवणारा वाचतो कसा

मोहरीत नेलेल्या प्रथिनाचं नाव बार्नेज. १९५० च्या दशकाच्या अखेरीस निशिमुरा आणि नोमुरा या जपानी संशोधकांनी ज्या जिवाणूत ते अभ्यासलं तो तेव्हा बॅसिलस सबटिलिस समजला जात होता, पुढे त्याचं नाव बॅसिलस अमायलोलिक्विफेशियन्स झालं. बार्नेज ११० अमिनो घटकांचं छोटंसं प्रथिन आहे. जिवाणू ते बाहेर, मातीत सोडतो. पेशीच्या आत ते घडी न पडलेल्या अवस्थेत असतं आणि आवरणातून बाहेर निघाल्यावर कामाच्या आकाराला येतं. पण एखादा रेणू आतच घडी घेऊन बसला तर? त्यासाठी ‘बार्स्टार’ नावाचं ८९ घटकांचं दुसरं प्रथिन पेशीत तयार असतं. बार्नेजची कापण्याची खोबण ते असं गच्च बुजवतं की प्रथिनांच्या जगात इतकी पक्की पकड क्वचितच दिसते. रॉबर्ट हार्टली यांनी बार्नेजचं जनुक ई. कोलायमध्ये घालायचा प्रयत्न केला, तेव्हा ते एकटं घातलं की यजमान मरत असे. बार्स्टारचं जनुक सोबत दिल्यावरच ते टिकलं, आणि हे काम १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं. जिवाणू जगतो कसा, याचं उत्तर याहून थेट देता येणार नाही.

विष आणि उतारा जोडीने बाळगण्याची ही पद्धत जिवाणूंत सर्रास दिसते. ई. कोलायमधलं ‘मॅझएफ’ संदेशातली ठरावीक तीन अक्षरं सापडली की तिथे कापतं, आणि त्याला एरवी ‘मॅझई’ धरून ठेवतं. क्षयाच्या जिवाणूत तर अशा विष-उतारा जोड्या ऐंशीच्या आसपास मोजल्या गेल्या आहेत, आणि त्यातली बरीचशी विषं आरएनए कापणारी आहेत.

बार्नेजचा शेतीतला वापर १९९० मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवला. परागकोशाच्या आतल्या अस्तराला टॅपेटम म्हणतात, परागाचं पोषण तेच करतं. तंबाखूच्या झाडात फक्त टॅपेटममध्ये जागं होणारं एक कळसूत्र त्यांनी बार्नेजच्या जनुकाला जोडलं. अस्तर मेलं, पराग धरला नाही, बाकीचं झाड निरोगी राहिलं. १९९२ मध्ये बार्स्टार असलेल्या नराशी संकर करून पुढच्या पिढीत पराग परत आणता येतो हेही दाखवलं. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने तयार केलेल्या डीएमएच-११ या मोहरीत हीच जोडी आहे. मादी ‘वरुणा’ वाणाची, तिच्यात बार्नेज, नरामध्ये बार्स्टार, म्हणून शेतकऱ्याच्या शेतातल्या संकरित झाडाला शेंगा धरतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये या मोहरीच्या पर्यावरणीय प्रसाराला केंद्राची मंजुरी मिळाली, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या मंजुरीवर परस्परविरोधी निकाल दिले.

या मोहरीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की पेशी मारणारं प्रथिन आपण खाणार का? बार्नेज तयार होतं ते कळीच्या टॅपेटममध्ये, दाण्यात नव्हे. शिवाय आरएनए कापणारी एन्झाइमं आपलं स्वादुपिंड रोज आपल्याच आतड्यात सोडतं. तेव्हा कापण्याच्या गुणामुळे भिण्याचं कारण दिसत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बार्नेजसोबत एका तणनाशकाला दाद न देणारं जनुकही जोडलेलं आहे. ते तिथे का आहे, हे या लेखाच्या विषयाशी निगडित आहे. नापीक मादीची ओळ पुढे चालवायला तिचा संकर साध्या झाडाशी करावा लागतो, आणि त्या पिलावळीत निम्मी झाडं पराग धरणारी निघतात. तणनाशक मारलं की ती मरतात आणि बार्नेजवाली उरतात. म्हणजे बीजोत्पादकाला ते जनुक लागतं. पण ते शेतकऱ्याच्या शेतातल्या झाडातही येतं, आणि मग तणनाशकाचा वापर वाढेल का, खुरपणीची मजुरी जाईल का, हे प्रश्न उभे राहतात. बार्नेज कसं कापतं याचं कितीही चोख ज्ञान त्यांची उत्तरं देत नाही. एन्झाइम हा या वादातला सर्वांत नीट समजलेला भाग आहे, आणि वाद बराचसा त्याच्या बाहेरचा आहे.

सोयाबीनच्या गाठीतले तुकडे

भोकरच्या शिवारात कापसाइतकंच सोयाबीन दिसतं. पेरणीआधी त्याच्या बियाण्याला रायझोबियमचं जिवाणू संवर्धक चोळतात, म्हणजे मुळांवर गाठी धरतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळतो. या गाठी पाडणाऱ्या ब्रॅडीरायझोबियम जिवाणूबद्दल २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून अनपेक्षित बातमी आली. जिवाणूच्या वाहक आरएनएचे बारीक तुकडे सोयाबीनच्या पेशीत शिरतात, तिथली यंत्रणा हाताशी धरतात आणि गाठींना आडकाठी करणारी झाडाची काही जनुकं गप्प बसवतात. हे तुकडे निष्प्रभ केले तेव्हा गाठी कमी झाल्या, आणि त्यांचं प्रमाण वाढवलं तेव्हा वाढल्या. टिकाऊ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाहक आरएनएचा कापलेला कचराच इथे नवा संदेश बनून दुसऱ्या जीवात काम करतो.

या गोष्टीत तुकडे आधी हाती आले आणि तुकड्यांचं काम सिद्ध झालं. ते कापणाऱ्या एन्झाइमचं नाव घ्यायचं तर कसोट्या मघाच्याच लागतील. जिवाणूतलं एकेक जनुक मोडून कोणत्या वाणात तुकडे पडायचे थांबतात ते पाहावं लागेल. मग ते एन्झाइम शुद्ध करून अखंड वाहक आरएनए त्याच जागी कापून दाखवावा लागेल. आणि शेवटी ते जनुक नसलेला जिवाणू सोयाबीनच्या बियाण्याला चोळून मुळांवर गाठी किती धरतात ते मोजावं लागेल.